साध्या कौलारू घराची नोंद: मोजमाप, भिंतींतले पुरावे आणि कागदपत्रं

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं जुनं घर आहे. वाडा नाही, कोरीवकाम नाही, कुणी नामांकित माणूस तिथं राहिलेला नाही. येत्या उन्हाळ्यात मागचा भाग पाडून स्लॅबचं काम करायचं घाटतंय. त्याआधी घराची नीट नोंद करायची आहे. सुरुवात कुठून करायची, काय काय मोजायचं आणि घर नक्की कधीचं हे कसं काढायचं?

‘नक्की कधीचं’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. कोकणातलं साधं घर एका दमात उभं राहिलेलं सहसा नसतंच. आधी माजघर आणि स्वयंपाकघर, मग ओटी, मुंबईहून मनीऑर्डरी यायला लागल्या की गवत उतरवून कौलं, भावाचं लग्न ठरलं की बाजूची खोली, शेवटी मागची पडवी आणि न्हाणीघर. अशा घराला एक साल नसतं, क्रम असतो. कोणता भाग आधीचा, कोणता नंतरचा आणि हे कशावरून म्हणता, एवढं लिहिता आलं की नोंदीचं मुख्य काम झालं. नुसतं साल सापडलं आणि क्रम लागला नाही, तर ते साल घराच्या कुठल्या भागाला चिकटवायचं हेच कळत नाही.

वेळ निवडताना शाकारणीचा, म्हणजे पावसाआधी कौलं उतरवून परत लावण्याचा, मुहूर्त साधा. एप्रिल-मेमध्ये कौलं उतरवतात तेव्हा वासे (छपराची उतरती लाकडं), रिपा (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या), आढं (माथ्यावरचं आडवं लाकूड) उघडं पडतं, कौलांच्या पाठीवरचे शिक्के वाचता येतात आणि माळ्यावर उजेड येतो. एरवी बॅटरी घेऊन वाकून जे दिसत नाही ते तेव्हा सरळ दिसतं. मोजमाप मात्र त्याआधी, घर नांदतं असताना उरका. गडी कामाला लागले की सामान हलतं, खुंट्या उपटल्या जातात आणि कुठली फळी कुठली होती हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. जमलं तर पाडकामाआधी एकदा जुलैतल्या पावसातही घर पाहून घ्या. पागोळ्या कुठे पडतात, ओल कुठल्या भिंतीला किती उंच चढते, पन्हळ कुठे तुंबते, हे उन्हाळ्यातल्या नकाशात येत नाही.

सामान फार लागत नाही. ५ मीटरचा पोलादी टेप, ३० मीटरचा फायबरचा टेप, ओळंबा, गवंड्याची पाणीपातळीची पारदर्शक नळी, होकायंत्र, आलेखाचे कागद लावलेला पुठ्ठा, दोन रंगांची पेनं. लेझरचं मोजणी यंत्र दोन-तीन हजारांत मिळतं आणि उंची मोजायला फार उपयोगी पडतं. पण शेणानं सारवलेल्या किंवा उखडलेल्या भिंतीवर त्याचा ठिपका कुठल्या खळग्यात पडलाय ते पाहूनच आकडा घ्या. दोन माणसं हवीतच. एकानं टेप धरायचा, दुसऱ्यानं वाचून लिहायचं, आणि लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. सहा-सात खोल्यांच्या घराला मोजमापासाठी दोन पूर्ण दिवस धरा, फोटोंसाठी वेगळा एक.

आधी टेप न लावता प्रत्येक खोलीचा हातानं कच्चा तळनकाशा काढा, एका पानावर एकच खोली. दारं, खिडक्या, कोनाडे, फडताळं, खांब, चूल, जातं बसवलेली जागा, सगळं दाखवा. मग आकडे भरा. भिंतीवरची मापं तुकड्यातुकड्यांनी घेऊ नका. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि त्याच टेपवर दाराची एक चौकट, दुसरी चौकट, कोनाडा, शेवटचा कोपरा असं सलग वाचत जा. तुकड्यांनी आठ मापं घेतली आणि प्रत्येकात ५ मिलिमीटर चुकलं, तरी भिंतीच्या शेवटी ४ सेंटिमीटरची चूक जमा होते.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. हे सगळ्यांत जास्त वगळलं जातं आणि नकाशा न जुळण्याचं पहिलं कारण तेच असतं. समजा खोली ३.६२ बाय २.७४ मीटर आहे. ती काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ४.५४ मीटर यायला हवेत. एक ४.६२ आणि दुसरा ४.४६ आला तर खोली तिरकी आहे. कागदावर काटकोन धरून काढली तर शेजारची भिंत जाग्यावर बसणारच नाही. तिरकी खोली म्हणजे गवंड्याची चूक असंही समजू नका. जुन्या भिंतीला किंवा हद्दीच्या गडग्याला धरून नवी खोली जोडली की ती अशीच तिरकी येते. म्हणजे इथेच क्रमाचा पहिला धागा हाताला लागतो.

भिंतींची जाडी दार-खिडकीच्या जागी मोजा. चिरा आणि मातीच्या भिंती साधारण ४५ सेंटिमीटरच्या आसपास असतात, नंतर घातलेल्या आडभिंती बारीक असतात. मग बाहेरून घराची पूर्ण लांबी मोजा आणि आतल्या खोल्या अधिक भिंतींच्या जाड्या अशी बेरीज तिच्याशी ताडून पाहा. तीन-चार सेंटिमीटरचा फरक गिलाव्यात खपतो. त्याहून जास्त आला तर परत मोजा. परत मोजूनही चाळीस-पन्नास सेंटिमीटर शिल्लक राहत असतील तर भिंतीत काहीतरी आहे: बुजवलेला कोनाडा, बंद केलेलं दार, धान्याचं बळद.

उंचीसाठी पाणीपातळीनं घरभर एकच आडवी रेषा खडूनं मारून घ्या, ओटीच्या जमिनीपासून १ मीटरवर. प्रत्येक खोलीत त्या रेषेपासून खाली जमीन किती आणि वर तुळई, माळा, वळचण, आढं किती, एवढं मोजलं की छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारा नकाशा) आपोआप तयार होतो. जमिनीपासून उंची मोजायची सवय इथे घात करते. माजघर ओटीपेक्षा पाच बोटं वर असतं, न्हाणीघर वीतभर खाली, आणि छेदात सगळं एका पातळीत येऊन बसतं.

नकाशे काढताना तळनकाशा आणि छेद १:५० या प्रमाणात काढा. १२ बाय ९ मीटरचं घर २४ बाय १८ सेंटिमीटरमध्ये येतं, म्हणजे ए-३ कागदावर बाजूला टिपणं लिहायलाही जागा उरते. अंगण, तुळशी वृंदावन, विहीर, गोठा, पाणंद, माड-फणसाची झाडं यांचा परिसर-नकाशा १:२०० नं पुरतो. दाराची चौकट, खांबाचा माथा, खिडकीचे गज यांसाठी १:१०. छेद किमान दोन हवेत: एक ओटीपासून मागच्या दारापर्यंत, दुसरा आडवा, चुलीवरून जाणारा. संगणकावर काढायचं असेल तर खुशाल काढा, पण मोजणीचे कच्चे कागद फेकू नका. पुढे शंका आली की खरा आधार तेच असतात.

आता भिंती वाचण्याचं काम. इथं वेळ घालवा.

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे दोन भिंती जिथे भेटतात तो सांधा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींचे चिरे कोपऱ्यात आलटून पालटून एकमेकांत घुसवलेले असतात. नंतर जोडलेली भिंत नुसती टेकवलेली असते, आणि तिथं जोत्यापासून वरपर्यंत सरळ उभी रेघ दिसते. तिला तडा समजू नका. तडा चिऱ्यांच्या सांध्यांतून नागमोडी जातो आणि बहुधा एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला बारीक असतो. टेकवलेल्या भिंतीची रेघ ओळंब्यात असते आणि रुंदी जवळपास सारखी असते. गिलाव्याखाली ती दिसत नसेल तर माळ्यावर जा, तिथं गिलावा सहसा केलेलाच नसतो.

माळ्यावरच दुसरी खूण मिळते. आज घराच्या आत असलेल्या एखाद्या भिंतीचा वरचा भाग शेवाळानं काळवंडलेला, पावसानं झिजलेला दिसला, तर ती कधीकाळी बाहेरची भिंत होती. तिच्यापुढची खोली मागाहून आली. तसंच धुराचं. चुलीवरचे वासे वर्षानुवर्षांच्या धुरानं डांबरासारखे काळे होतात. स्वयंपाकघरावर काळ्या वाशांच्या ओळीत मध्येच दोन-तीन स्वच्छ वासे असतील तर ते बदललेले आहेत. उलट, आज जिथं कुणी स्वयंपाक करत नाही तिथले वासे काळे असतील तर जुनी चूल तिथं होती. काळ्या रंगाला वार्निश किंवा काजूच्या टरफलांचं तेल समजण्याची गफलत होते. बोटानं घासून पाहा, धुराची काजळी हाताला येते.

छप्पर आधी गवताचं किंवा नळीच्या कौलांचं होतं का, हे वाशांवर दिसतं. मंगलोरी कौलांसाठी रिपा साधारण १२ ते १२॥ इंचांवर मारतात. वाशांवर या अंतराशी न जुळणारी जुन्या खिळ्यांची भोकं किंवा सुंभाच्या बांधणीनं पडलेले घासल्याचे व्रण असतील तर आधीचं छप्पर वेगळं होतं. भिंतीचा माथा चढवून पाख्याचा (छपराच्या एका उतरत्या बाजूचा) उतार बदललेला असेल तर त्रिकोणी भिंतीत जुन्या उताराची तिरकी रेघही सापडते.

खांब आणि तुळयांवर रिकामी भोकं, अर्धवट खाचा, कशालाच न लागणारी कुसं (सांध्यात बसवायची लाकडाची टोकं) दिसली तर लाकूड दुसऱ्या घरातून आणलेलं आहे. साग, फणस, ऐन, किंजळ, शिवण या लाकडाचा पुनर्वापर आपल्याकडे सर्रास होतो. त्यामुळे लाकूड घरापेक्षा जुनं असू शकतं, हे नोंदीत स्पष्ट लिहा.

जमीन वाढवलेली असेल तर उंबरठा सांगतो. उंबरठा जमिनीत बुडालेला, चौकटीचं खालचं कोरलेलं फूल अर्धंच वर, पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी: यांतलं काहीही दिसलं की सारवलेल्या जमिनीवर कोबा किंवा शहाबादी फरशी चढली आहे. रंगांचे थर पाहायचे तर कपाटामागे, न दिसणाऱ्या जागी ५ बाय ५ सेंटिमीटरचा चौकोन ब्लेडनं पायरी-पायरीनं खरवडा: ऑइलपेंट, डिस्टेंपर, नीळ घातलेली सफेदी, चुना, गिलावा. शेजारच्या दोन खोल्यांत थरांची संख्या वेगळी असेल तर त्याचा अर्थ लावता येतो. तीनच थर असलेली खोली दहा थर असलेल्या खोलीपेक्षा बहुधा नंतरची. बहुधा म्हणतो, कारण देवघर दरवर्षी रंगतं आणि कोठार कधीच नाही.

कौलांवरच्या शिक्क्यांबद्दल एक इशारा. मंगळूरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या मंगलोरी कौलांवर १८६५ हा आकडा असतो. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे. ‘आमचं घर १८६५ चं’ हा समज कोकणात आणि गोव्यात पुष्कळ घरांबाबत याच आकड्यावरून पसरलाय. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता सरकारनं ताब्यात घेतली आणि कारखाने पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे ट्रस्टचा शिक्का असलेलं कौल १९१९ च्या आधीचं नसतं. पण तेही कौलाचं वय झालं. कौलं दरसाल परततात, फुटकी बदलतात, दुसऱ्या पाडलेल्या घराची विकत आणतात. म्हणून पाख्यागणिक किती शिक्के कोणते, हे मोजा. एका पाख्यावर नव्वद टक्के कौलं एकाच कारखान्याची असतील तर तो एकरकमी घातलेला माल आहे. सरमिसळ असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिक्क्याच्या प्रत्येक प्रकाराचं एक अख्खं कौल बाजूला काढून ठेवा.

गणेशपट्टीवर (दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर) किंवा तुळईवर कोरलेलं साल असेल तर दिवसा त्याचा फोटो नीट येत नाही. संध्याकाळी, बॅटरी भिंतीलगत धरून आडवा उजेड टाका, अक्षरांच्या कडा उठून दिसतात. त्यावर खडू किंवा कुंकू घासू नका. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. आकडा झिजला असेल तर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव कामी येतं. ‘शके १८?६ रक्ताक्षी नाम संवत्सरे वैशाख शु. ३’ असं वाचता आलं, तर शके अधिक १२, भागिले ६०, बाकी ५८ यायला हवी, कारण रक्ताक्षी अठ्ठावन्नावं. १८०६ पासून १८९६ पर्यंतचे सगळे पर्याय घालून पाहिले तर फक्त १८४६ बसतं, म्हणजे मे १९२४. तरीही हे त्या चौकटीचं साल आहे. चौकट जुन्या घरातून आणलेली नाही ना, हे भिंतीच्या सांध्यावरून ताडून घ्यायचंच.

कागदपत्रांत पहिली भेट ग्रामपंचायतीला. कर आकारणीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घर क्रमांक, मालक, लांबी-रुंदी आणि बांधकामाचा प्रकार असतो: ‘चिरा-माती, कौलारू’ किंवा ‘गवती’. आकारणी दर चार वर्षांनी सुधारतात, म्हणून एकच उतारा घेऊन परत येऊ नका. मिळतील तेवढ्या जुन्या वह्या मागा. १९६० च्या दशकातल्या वहीत ‘गवती’ आणि पुढच्या वहीत ‘कौलारू’ असेल तर छपराचा काळ चार वर्षांच्या टप्प्यात आला. क्षेत्रफळ वाढलं असेल तर कुठली खोली वाढली ते तुमच्या सांध्यांशी जुळवा.

सातबारा आणि फेरफार (जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी) यांतून घराचं वय मिळत नाही, माणसांचा क्रम मिळतो. वारस नोंदीच्या फेरफारात कोण कधी वारलं, कोण ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) म्हणून लागला, वाटणी कधी झाली हे असतं. कोकणात घरं गावठाणाबाहेर, वाड्यांवर विखुरलेली असल्यानं घर कुठल्या सर्व्हे नंबरात आणि हिश्शात आहे, हे आधी नक्की करा. क्षेत्र आकारताना गुंठा १०८९ चौरस फूट आणि गुंठ्याचे १६ आणे, हे लक्षात ठेवा. नावं-हद्दी जुळवताना तालुक्या-जिल्ह्यांचे बदलही पाहा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्याआधीचे कागद रत्नागिरीच्याच नावानं आहेत.

सगळ्यांत मोलाचा कागद बहुधा घरातच, ट्रंकेत असतो: वाटणीपत्र. त्यात चतुःसीमा असते आणि पुष्कळदा ‘ओटीचे पूर्वेकडील दोन खण, माजघर निम्मे, मागील दारची वहिवाट सामाईक’ अशी खोलीवार वाटणी. त्या तारखेला कुठल्या खोल्या होत्या याची ती यादीच. मोडीत असेल तर अंदाजानं वाचू नका. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांतून शिकलेले वाचक बऱ्याच गावांत आहेत. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर चिकटपट्टी लावू नका. घडी उघडून, काचेखाली न दाबता, सावलीत वरून सरळ फोटो घ्या. जमाखर्चाच्या वह्यांत ‘चिरे’, ‘चुना’, ‘कौले’, ‘सुतार मजुरी’ या शब्दांच्या ओळी शोधा.

वडीलधाऱ्यांना ‘ही खोली कधी बांधली?’ असं विचारून साल मिळत नाही, अंदाज मिळतो. तळनकाशा समोर ठेवून खुणेच्या प्रसंगांवर बोट ठेवा. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा तुम्ही कुठल्या खोलीत झोपला होता? तेव्हा पडलेली भिंत कोणती? वीज आली तेव्हा पहिला दिवा कुठे लागला? अमुक आत्याचं बाळंतपण कुठल्या खोलीत झालं? निसर्ग वादळात (३ जून २०२०) किंवा त्यापुढच्या वर्षीच्या तौक्तेत कुठली कौलं उडाली, पत्रे कधी चढले? माहेरवाशिणींना आणि सासुरवाशिणींना वेगवेगळं विचारा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागची पडवी यांतले बदल बायकांना नेमके आठवतात आणि पुरुषांना ओटीपलीकडचं फारसं आठवत नाही, असाच अनुभव येतो. ध्वनिमुद्रण करा, परवानगी घेऊन.

नोंदीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: डोळ्यांनी पाहिलेलं, कुणी सांगितलेलं आणि तुम्ही अनुमान काढलेलं. ‘उत्तरेची खोली माजघराच्या भिंतीला टेकवलेली आहे’ हे पाहिलेलं. ‘ती काकांच्या लग्नाच्या वेळी बांधली’ हे सांगितलेलं. ‘म्हणून ती साधारण १९५५ ते १९६० ची’ हे अनुमान. तिन्ही एकाच वाक्यात मिसळली की दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कशावर विसंबायचं हेच कळत नाही.

फोटो काढताना प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून चार, एक जमिनीचा, एक वर पाहून, आणि प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ एक. फोटोच्या चौकटीत १० सेंटिमीटरचे पट्टे रंगवलेली काठी ठेवा. फोनचा पॅनोरामा मापासाठी निरुपयोगी, त्यात सरळ भिंत वाकते. फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर लागोपाठच्या फोटोंत ६० ते ७० टक्के भाग सामाईक हवा. तळनकाशावर खोल्यांना क्रमांक द्या आणि फाइलच्या नावात तोच क्रमांक, भिंतीची दिशा आणि फोटोचा अनुक्रम घाला. फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की बारीक होतात, पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून. मूळ फाइलींच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

माळ्यावर चढताना विजेचं मेन बंद, पायात बूट, हातात काठी. साप आणि विंचू तिथे हमखास असतात. कौलांवर पाय देऊ नका, जायचंच झालं तर वाशावर आलेल्या रिपेवर द्या. तुळईत वाळवी आहे का, हे आधी पेचकस टोचून पाहा. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात, ते फोडायचे किंवा कापायचे नाहीत.

घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांना आधी कळवा आणि दुसऱ्याच्या ताब्यातल्या खोल्या त्यांच्यासमोरच मोजा. नकाशावर ‘केवळ वास्तूच्या नोंदीसाठी, मालकी वा हद्दीचा पुरावा नाही’ असं छापा. हे न केल्यानं टेप बाहेर काढताच भाऊबंदकी उभी राहते आणि काम तिथेच थांबतं.

पाडकाम सुरू झालं की एक माणूस वही घेऊन उभा ठेवा. गिलावा उतरताना बुजवलेली दारं, जोत्यातले वेगळ्या मापाचे चिरे, चौकटीमागचे सुताराचे आकडे तेव्हाच दिसतात आणि दुपारपर्यंत ढिगाऱ्यात जातात. चौकटी, खांब, तुळया उतरवताना तळनकाशातल्या जागेचा क्रमांक लाकडाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहा. खडू आणि कागदी चिठ्ठ्या पहिल्या पावसात जातात. लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये पट्ट्या ठेवून रचा आणि वरून झाकताना बाजू उघड्या ठेवा, नाहीतर प्लास्टिकखाली घाम धरून एका पावसाळ्यात बुरशी चढते.